साचा गिऱ्हाइकाचा, कर्ज आपलं

जॉबवर्कसाठी, म्हणजे मजुरीवर काम करून घेण्यासाठी, दुसऱ्या कारखान्यात पाठवलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत आला पाहिजे आणि यंत्रसामग्री तीन वर्षांच्या आत, असं जीएसटी कायद्याचं १४३ वं कलम सांगतं. त्याच कलमात एक सूट आहे. साचे, डाय, जिग, फिक्श्चर आणि हत्यारं यांना ही मुदत लागू नाही. म्हणजे पुण्या-मुंबईच्या एखाद्या कंपनीने २०१७ साली नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शेडमध्ये प्लॅस्टिकचे नग काढायचा मोल्ड, म्हणजे साचा, पाठवला आणि तो आजही तिथेच पडून असला, तरी कायद्याची काही हरकत नाही. हरकत असलीच तर शेडच्या मालकाची असेल, पण त्याला कोणी विचारलेलं नाही.

अशा शेडमध्ये मागच्या भिंतीला लोखंडी अँगलचा एक रॅक असतो. पुढे मशीनं धडधडत असतात, त्यामुळे रॅककडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. त्यावर चाळीस किलोपासून दोन-तीनशे किलोपर्यंतचे पोलादी ठोकळे ओळीने मांडलेले असतात. वर ग्रीसचा थर, ग्रीसवर धूळ, पाण्याच्या निपलमध्ये कोंबलेली चिंधी आणि कडेला रिव्हेट मारलेली ॲल्युमिनिअमची पट्टी. पट्टीवर कंपनीचं नाव आणि असेट नंबर. ज्या पार्टसाठी तो मोल्ड बनला ते मॉडेल बंद होऊन कैक वर्षं झालेली असतात, पण स्पेअर म्हणून वर्षाकाठी दोनशे नग लागले तर लागले, म्हणून मोल्ड हलत नाही. जागेचं भाडं नाही, गंज धरू नये म्हणून मारलेल्या स्प्रेचे पैसे नाहीत. पाणी शिरून गंजलाच तर शेडच्या मालकाचा निष्काळजीपणा. एमआयडीसीत जागा चौरस मीटरवर विकली जाते. मग या रॅकखालची जागा तेवढी फुकट कशी, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

नाशिकच्या छोट्या मोल्डिंग कारखान्यांचा इतिहास लिहायचा झाला तर तो या रॅकवरून लिहावा, मशीनांवरून नको. गेल्या चाळीस वर्षांत या कारखान्यांची मशीनं वाढली, टनेज (साचा आवळून धरायची मशीनची ताकद) वाढलं, गाळ्याची शेड झाली. त्याच काळात रॅकवरचे स्वतःचे मोल्ड कमी होत गेले आणि गिऱ्हाइकाचे वाढत गेले. पहिल्या गोष्टीला आपण प्रगती म्हटलं, दुसरीची कोणी नोंदही ठेवली नाही. बँकेने मशीनला कर्ज दिलं, संघटनांनी मशीनसाठी वीज, पाणी आणि रस्ते मागितले. साच्यासाठी कोणी काही मागितल्याचं ऐकिवात नाही. छोट्या कारखानदाराचं घोडं कुठे अडलंय असं विचारलं की वीजदर, थकलेली बिलं, टिकत नसलेले ऑपरेटर अशी यादी ऐकायला मिळते. यादी खरीच आहे. पण या सगळ्याशी दोन हात करायचे तर ज्या हत्यारावर पोट आहे ते आपल्या मालकीचं लागतं. ते हातातून गेलं, हे माझ्या मते मूळ दुखणं आहे.

पहिल्यापासून असं नव्हतं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि पुढे सातपूरच्या माळावर प्लॉट पडू लागले. ओझरला १९६४ मध्ये मिग विमानांच्या कारखान्याची मुहूर्तमेढ झाली, साठचं दशक सरता सरता मायको आली, मग अंबडची वसाहत, क्रॉम्प्टन, सीमेन्स, महिंद्र. शहराचा औद्योगिक इतिहास सांगताना आपण एवढीच नावं घेतो. चौकही त्यांच्याच नावाने ओळखतो. मायको सर्कल, एबीबी सर्कल, गरवारे पॉइंट. या चौकांच्या मागच्या गल्ल्यांत काय चाललं होतं ते मात्र कुठल्या स्मरणिकेत सापडत नाही.

तिथे हँड मोल्डिंग चालायचं. उभं सिलिंडर, बाहेरून हीटरचे पट्टे, आत प्लॅस्टिकचा दाणा आणि वर हातभर लांब दांडा. दांडा जोर लावून ओढला की प्लंजर खाली जातो आणि वितळलेलं प्लॅस्टिक हाताने आवळलेल्या साच्यात घुसतं. मग मिनिटभर थांबायचं, साचा उघडायचा, नग काढायचा, रनर, म्हणजे नगाला चिकटून आलेली प्लॅस्टिकची काडी, कापायचा, पुन्हा आवळायचा. कंगवे, बाटल्यांची बुचं, खेळण्यातल्या गाड्यांची चाकं, बटणं असा माल निघायचा. दाणा मिळवणं हेच मोठं काम होतं. पेट्रोकेमिकल कंपन्यांपैकी ठाण्याची नोसिल १९६८ साली सुरू झाली, आयपीसीएलची स्थापना १९६९ ची. तरी परवाने आणि कोट्याच्या त्या काळात २५ किलोच्या एका गोणीसाठी किती जणांना नमस्कार करावा लागायचा हे जुन्या लोकांना विचारावं. मशीनमध्ये फारसं काही नव्हतंच. त्यामुळे सगळी कसब साच्यात असायची, आणि तो साचा स्वतःचा असायचा, बहुधा स्वतःच्याच लेथवर काढलेला किंवा शेजारच्या टर्नरकडून करून घेतलेला.

सरकारचं धोरणही तेव्हा वस्तूकडे बघायचं. लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंची यादी १९६७ साली ४७ वस्तूंनी सुरू झाली आणि फुगत फुगत आठशेच्या वर गेली. प्लॅस्टिकच्या बऱ्याच वस्तू त्यात होत्या. या आरक्षणाने आळस पोसला हा आरोप बऱ्याच अंशी खरा आहे. लहानपणीच्या बादल्या आठवा, कडी बसते तो कान पहिल्या उन्हाळ्यातच तुटायचा. पण त्या तुटक्या कानाची तक्रार घेऊन गिऱ्हाईक ज्याच्याकडे जायचं तो साच्याचा मालक होता, आणि मनात आणलं तर कानाची जाडी वाढवू शकत होता. पुढे यादी कापली जाऊ लागली. १ एप्रिल २००१ ला शेवटच्या ७१५ वस्तूंच्या आयातीवरचे परिमाणात्मक निर्बंध, म्हणजे किती माल आणायचा यावरची बंधनं, उठले आणि एप्रिल २०१५ मध्ये राखीव यादीतल्या उरलेल्या २० वस्तूही मोकळ्या झाल्या. चीनचा माल बाजारात आला तेव्हा आपल्याकडच्या चर्चेचा रोख त्यांच्या स्वस्त मजुरीवर होता. त्यांच्या टूलरूमकडे, म्हणजे साचे जिथे बनतात तिकडे, कोणी पाहिलं नाही. खेळणं स्वस्त पडतं ते मजुरीमुळे थोडं आणि एका शॉटला, म्हणजे एकदा दाणा भरला की, सोळा नग देणाऱ्या साच्यामुळे जास्त.

माझ्या माहितीतला एक कारखाना घ्या. नाव देत नाही, कारण हीच गोष्ट थोड्याफार फरकाने अंबडच्या दर तिसऱ्या गल्लीत सापडेल. मालक आयटीआयचा टर्नर. एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये काही वर्षं काढली आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नोकरी सोडून सातपूरला भाड्याच्या गाळ्यात एक हँड मोल्डिंग आणि एक जुना लेथ टाकला. पाठीवरच्या फवारणी पंपाचे पार्ट बनवायचे असं ठरवलं होतं. नोझलची टोपी, दांड्याची मूठ, टाकीचं झाकण, गाळणीची कडी. चारही साचे स्वतः बनवलेले. माल घ्यायला निफाड, दिंडोरी, पिंपळगावचे द्राक्षवाले होते, पण विकायला स्कूटरवर पिशवी लावून कृषी सेवा केंद्रांत जायचा तो स्वतः. दुकानदार सांगायचा, "शेठ, झाकणाचे आटे लवकर झिजतात, शेतकरी परत आणून देतोय." मग रात्री साचा खोलून आटे खोल करायचे आणि दुसऱ्या आठवड्यात नवं झाकण त्याच दुकानात ठेवायचं. आज स्टार्टअपच्या व्यासपीठावर याला फार मोठं नाव आहे. तेव्हा ती नुसती धंद्याची रीत होती.

नव्वदीत एका मोठ्या कंपनीच्या परचेसवाल्याने विचारलं, स्विचगिअरचे, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या उपकरणांचे, पार्ट कराल का? मोल्ड आम्ही देऊ, दाणा आम्ही देऊ, शेड्यूल महिन्याचं असेल. तुम्ही फक्त ऑटोमॅटिक मशीन घ्या. कोणी नाही म्हणेल? त्यानेही म्हटलं नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही म्हटलं नसतं. कर्ज काढून पहिलं इंजेक्शन मशीन आलं, मग दुसरं. अंबडला प्लॉट मिळाला. फवारणी पंपाच्या टोप्या आधी रविवारच्या झाल्या, मग सीझनच्या, मग बंद. चार साच्यांपैकी दोन भंगारात गेले, दोन कोणी मागून नेले ते परत आले नाहीत. धंदा पिठाच्या गिरणीसारखा झाला. गहू गिऱ्हाइकाचा, पीठही त्याचंच, गिरणीवाल्याच्या हाती दळणाचे पैसे.

दळणाचे पैसे कसे ठरतात हे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतं, आणि सगळी मेख तिथे आहे. समजा चार कॅव्हिटीचा, म्हणजे एका शॉटला चार नग देणारा, मोल्ड आहे आणि एक शॉट तीस सेकंदांत पडतो. तासाला १२० शॉट, ४८० नग. गिऱ्हाइकाचा इंजिनिअर म्हणतो, आमच्या हिशेबाने सायकल, म्हणजे एका शॉटचा पूर्ण वेळ, अठ्ठावीस सेकंदांची आहे, म्हणजे तासाला ५१४ नग, आणि भाव त्यावरच मिळेल. तासामागे ३४ नगांचा फरक. दिवसाच्या दोन पाळ्या आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर हे दोन सेकंद म्हणजे कारखान्याचा अख्खा नफा असतो. बरं, वाचवायचे म्हटलं तर ते कुठून वाचवणार? दाणा आत जायला दोन-तीन सेकंद पुरतात. वेळ खातं ते थंड होणं. सायकलचा निम्म्याहून अधिक वेळ नग साच्यात गार होण्यात जातो. तो किती लागणार हे ठरतं नगाच्या जाडीवरून आणि साच्यात पाण्याची भोकं कुठून कशी फिरवली आहेत यावरून. दोन्ही गोष्टी ड्रॉइंगवर ठरल्या, पोलाद कापलं तेव्हाच पक्क्या झाल्या. ऑपरेटरने घाई करून साचा आधी उघडला तर नग वाकतो किंवा वर खड्डा पडतो, ज्याला शेडमध्ये सिंक म्हणतात. ट्यूबलाइटखाली तिरका धरला की तो लगेच दिसतो, आणि गिऱ्हाइकाच्या क्वालिटीवाल्यालाही दिसतो. मग अख्खा लॉट परत.

म्हणजे मशीन आपलं, वीज आपली, माणसं आपली, पण नफा किती होणार हे दुसऱ्याच्या ड्रॉइंगमध्ये आधीच कोरलेलं. पाण्याचं एक भोक दोन इंच सरकवलं तर चार सेकंद वाचतील हे वीस वर्षं मशीनवर उभ्या असलेल्या फोरमनला कळत असतं. पण मोल्डला हात लावायची परवानगी नाही. परवानगी मागितली आणि सुधारणा झालीच, तर वाचलेल्या चार सेकंदांचा भाव पुढच्या करारात कापून घेतला जातो. ही सगळी समज मग शेडमध्येच मुरते आणि फोरमन निवृत्त झाला की त्याच्याबरोबर जाते. कौशल्यविकासाच्या योजनांवर बोलताना ही बाजू मी कधी ऐकलेली नाही.

त्या कारखान्याचं पुढे काय झालं? गिऱ्हाईक कंपनीने आपले व्हेंडर कमी करायचं ठरवलं. जास्त मशीनं असलेला, दुसऱ्या राज्यातल्या त्यांच्या नव्या प्लांटजवळचा व्हेंडर त्यांना सोयीचा होता. त्यात बेकायदेशीर काही नव्हतं. गुरुवारी मेल आली, सोमवारी ट्रक. चेन पुली लावून एकेक मोल्ड मशीनवरून उतरवला, पाण्याच्या नळ्या सोडल्या, आतलं पाणी हवेने उडवलं, ग्रीस लावलं, दोन्ही अर्ध्या भागांना पट्टी मारून आवळलं. चलनावर असेट नंबर जुळवत दुपारी चारपर्यंत सतरा मोल्ड चढले. कामगारांनी निगुतीने चढवले, कारण त्यांना ती सवयच होती. मंगळवारी शेडमध्ये सहा मशीनं होती, त्यांतल्या दोघांचे हप्ते बाकी होते, आणि त्यांवर चढवायला काहीच नव्हतं. शिल्लक बिलाचे पैसे यायला सात महिने लागले.

इथे कोणी म्हणेल, पैशांसाठी कायदा आहे. आहे ना. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघुउद्योगांचं बिल ४५ दिवसांत द्यायला सांगितलं, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लावलं. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम घातलं. आता वेळेत न दिलेलं बिल खर्च म्हणून त्या वर्षी धरता येत नाही. कायदे चांगले आहेत. पण ज्याचे सतरा मोल्ड आपल्या मशीनवर चढलेत त्याला व्याजाची नोटीस कोण पाठवणार? ट्रक कधी येईल ते त्याच्या हातात आहे. थकलेल्या बिलांचा प्रश्न हा मुळात साच्याच्या मालकीचा प्रश्न आहे, असं माझं म्हणणं आहे ते यासाठी.

सरकारी कागदांत साचा कुठे दिसतो हे बघणंही उद्बोधक आहे. आयकराच्या घसाऱ्याच्या तक्त्यात सर्वसाधारण यंत्रांना १५ टक्के आणि रबर-प्लॅस्टिकच्या कारखान्यांतल्या मोल्डना ३० टक्के घसारा आहे, म्हणजे साचा लवकर झिजतो हे आयकर खात्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. अबकारी कराच्या २००० सालच्या मूल्यांकन नियमांत गिऱ्हाइकाने फुकट दिलेल्या साच्याची किंमत मालाच्या किमतीत मिळवून त्यावर कर लागायचा. जीएसटी आल्यावर ८ जून २०१८ च्या परिपत्रकाने खुलासा केला की गिऱ्हाइकाने स्वतःच्या मालकीचा साचा फुकट दिला असेल तर त्याची किंमत मिळवायची नाही. मात्र करारानुसार साचा मोल्डरने आणायचा होता आणि प्रत्यक्षात गिऱ्हाइकाने दिला, तर मिळवायची. एवढा बारीक विचार झाला आहे. पण लघुउद्योग कोणाला म्हणायचं हे ठरवताना २००६ च्या अधिसूचनेने गुंतवणुकीच्या हिशेबातून हत्यारं, जिग, डाय आणि मोल्ड वगळले होते. हेतू भलाच होता, साच्यांवर खर्च केल्यामुळे कोणी लघुउद्योगाच्या मर्यादेबाहेर जाऊ नये. परिणाम असा की मोजायच्या गोष्टींत साचा बसलाच नाही, आणि जे मोजलं जात नाही त्यासाठी योजना कोण आखणार! २०२० च्या नव्या व्याख्येने जमीन, इमारत आणि फर्निचर सोडून सगळी मूर्त मालमत्ता धरली, तेव्हा साचे आत आले. कर वसूल करणाऱ्यांनी साचा चांगला ओळखला, उद्योग वाढवणाऱ्यांना मात्र तो फार उशिरा दिसला.

बँकेचं तर विचारूच नका. मशीनचं कोटेशन आणा, कर्ज मिळतं, कारण मशीन जप्त करून विकता येतं. नव्या झाकणाचा मोल्ड बनवायला पैसे मागा. त्या झाकणाशिवाय त्याचा कोणाला उपयोग नाही, म्हणून त्याची किंमत भंगाराच्या भावाने धरली जाते. बँक तिच्या जागी बरोबर आहे. तारणाशिवायच्या कर्जाला हमी देणारी सरकारी योजना आहे, एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटींपर्यंत वाढली. तरी शाखेतल्या साहेबाला मशीनचा फोटो फाइलला लावता येतो, डिझाइनचा नाही.

आता दुसरी बाजू. जॉबवर्कचा फायदा खोटा नाही. साच्यात गिऱ्हाइकाचे पैसे अडकतात, वस्तू खपली नाही तर बुडतो तोही तोच. चांगल्या पोलादाचा, हॉट रनर (दाण्याची वाट गरम ठेवणारी सोय) असलेला मोल्ड कधी कधी ज्या मशीनवर चढतो त्या मशीनएवढाच महाग पडतो. एवढा जुगार दहा-बारा कामगारांच्या कारखान्याने का खेळावा? माझे एक स्नेही स्वतः मोल्डर आहेत. ते म्हणतात, स्वतःची वस्तू म्हणजे जाहिरात, उधारी, परत आलेला माल आणि डोक्याला ताप. त्यापेक्षा शेड्यूल बरं. त्यांचं म्हणणं मला पटतं, अर्धं. सगळ्यांनी सगळे साचे स्वतःचे करावेत असं मी म्हणतच नाही. गिऱ्हाइकाच्या डिझाइनवर गिऱ्हाइकाचा हक्क आहेच, आणि इलेक्ट्रिकल किंवा गाड्यांच्या पार्टमध्ये तो राहणारच. माझा मुद्दा प्रमाणाचा आहे. सहा मशीनांपैकी एक जरी स्वतःच्या वस्तूवर चालत असतं, तर त्या मंगळवारी शेड पूर्ण बंद पडली नसती, आणि बिलाबद्दल बोलताना आवाज जरा वेगळा निघाला असता.

आणि वस्तू शोधायला लांब जायला नको. जिल्ह्यात द्राक्ष आहे, कांदा आहे, टोमॅटो आहे. ठिबकचे जॉइंटर, टेक-ऑफ, ग्रोमेट, एंड कॅप, बागेच्या तारेला लागणाऱ्या क्लिपा, फवारणीचे नोझल ही सगळी छोट्या टनेजच्या मशीनवर होणारी कामं आहेत. टोमॅटोच्या कॅरेटला मोठं मशीन लागतं, ते सोडून द्या. शेजारचं जळगाव बघा. तिथे ठिबक आणि पाइपच्या धंद्याने आणि चटईच्या कारखान्यांनी बाजारात स्वतःचा माल उभा केला. त्यांच्या अडचणी वेगळ्या आहेत, तिथले सगळे सुखात आहेत असंही नाही, पण त्यांच्याकडून रातोरात कोणी धंदा उचलून नेत नाही. खेळण्यांचं उदाहरण तर अगदी ताजं आहे. आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. जानेवारी २०२१ पासून गुणवत्तेचं बंधन आलं. दार उघडं होतं. त्यातून आत शिरायला मोल्ड लागत होते, आणि आपल्याकडे मशीनं होती.

प्लॅस्टिकबंदीबद्दल इथे लिहावं असं अनेकांना वाटेल. राज्याची २०१८ ची अधिसूचना आणि केंद्राची जुलै २०२२ ची एकदा वापरायच्या वस्तूंवरची बंदी, दोन्ही योग्य दिशेच्या होत्या असं मी मानतो. मोल्डिंगवाल्यांपैकी ज्यांचं त्यात गेलं ते पातळ, फेकायच्या वस्तूंवर होते. स्वतःचा टिकाऊ वस्तूचा साचा असलेल्याला या बंदीने फारसं काही झालं नाही.

मग करायचं काय? पहिली गोष्ट टूलरूम. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथून शिकलेली मुलं सगळीकडे चांगली कामं करताहेत. अंबडला नाशिक इंजिनिअरिंग क्लस्टर आहे. या धर्तीवर खास मोल्डसाठी एक सामायिक केंद्र नाशिकला हवं. छोट्या कारखानदाराने वस्तूचा नमुना घेऊन यावं, डिझाइनरने संगणकावर दाणा कसा वाहील आणि पाणी कुठून फिरेल हे आधी तपासून द्यावं, वायरकट आणि स्पार्कचं, म्हणजे विजेच्या ठिणगीने पोलाद कोरायचं, काम तासाच्या भाड्याने व्हावं. केंद्राच्या क्लस्टर योजनेत अशा सामायिक केंद्राला ६० ते ७० टक्के अनुदानाची तरतूद आहे. उरलेले पैसे उभे करायला नाशिकचे उद्योजक कमी पडणार नाहीत, एकत्र बसायला कमी पडतात ही खरी अडचण. आणि तयार झालेल्या वस्तूचं डिझाइन नोंदवायला तिथेच एक टेबल असावं. डिझाइनच्या २००० सालच्या कायद्याने नोंदणीला दहा वर्षं आणि वाढवून आणखी पाच वर्षं संरक्षण मिळतं. आपल्या गल्ल्यांत ते किती जणांना ठाऊक आहे?

दुसरी गोष्ट रॅकची, आणि ती मला जास्त तातडीची वाटते कारण तिला अनुदान लागत नाही. अमेरिकेत मोटारींसाठी ओळखल्या जाणाऱ्या मिशिगन राज्यात १९८१ पासून साच्यांच्या मालकीचा स्वतंत्र कायदा आहे. शेवटच्या वापरानंतर तीन वर्षं गिऱ्हाइकाने साचा नेला नाही, तर रीतसर नोटीस देऊन मोल्डर त्याची विल्हेवाट लावू शकतो. बिल थकलं असेल तर ते मिळेपर्यंत साचा अडवून धरायचा हक्कही त्याला आहे. लक्षात घ्या, हा कायदा कुठल्या समाजवादी देशाचा नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या गाड्यांच्या कंपन्या जिथे वाढल्या तिथला आहे, आणि त्यामुळे त्या कंपन्या बुडाल्याचं कोणी म्हणत नाही. महाराष्ट्रात असा कायदा करायला काय अडचण आहे? तो होईपर्यंत निमा आणि आयमा या नाशिकच्या कारखानदारांच्या संघटनांनी मिळून एक नमुना करार तरी तयार करावा. बारा महिने न चढलेल्या मोल्डला महिन्याचं भाडं, विमा गिऱ्हाइकाचा, मोल्ड हलवायचा तर नव्वद दिवसांची लेखी सूचना, आणि जुनी बिलं चुकती झाल्याशिवाय गेटपास नाही. एकट्या कारखानदाराने अशी अट घातली तर त्याचं काम शेजारच्या शेडमध्ये जाईल. दोन्ही संघटनांच्या सगळ्या सभासदांनी घातली तर शेजारची शेडही तेच सांगेल.

सुरुवात याहूनही छोट्या कामाने करता येईल. संघटनांनी यंदा प्रत्येक मोल्डिंगवाल्या सभासदाकडून एक पानभर माहिती भरून घ्यावी. शेडमध्ये एकूण मोल्ड किती, त्यांत स्वतःचे किती, गिऱ्हाइकाचे किती, आणि गेल्या तीन वर्षांत एकदाही मशीनवर न चढलेले किती. ही बेरीज आज कोणाकडेच नाही, जिल्हा उद्योग केंद्राकडेही नाही. पालकमंत्र्यांना दर वर्षी वीजदराचं निवेदन द्यायला शिष्टमंडळ जातंच. यंदा त्याच फाइलमध्ये हे पानही लावावं.